मुलांचा थायरॉईड जास्त काम करतोय? आईबापांचे नेहमीचे प्रश्न आणि सरळ उत्तरं

आमच्या पोरीला नववीत असताना ग्रेव्ह्ज, म्हणजे थायरॉईड जास्त काम करण्याचा आजार, निघाला, तेव्हापासून यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर इकडच्या ओळखीच्या आया फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहिते. मी डॉक्टर नाही, डोस तुमच्या डॉक्टरनंच ठरवायचा, पण घरी काय बघायचं आणि कुठं घाई करायची हे प्रत्येक घराला माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

थायरॉईड म्हणजे जाडं होण्याचा रोग ना? आमचं पोरगं तर वाळत चाललंय

थायरॉईडचे त्रास दोन उलट दिशांचे असतात. गळ्यातली ही ग्रंथी कमी काम करत असेल तर माणूस सुस्त होतो, वजन वाढतं, थंडी वाजते, आणि गावात बहुतेक बायांना असतो तो हाच. जास्त काम करायला लागली की वजन उतरतं, छाती धडधडते, गरम होतं. रोग उलटे म्हणजे गोळ्याही उलट्या. घरात काकूची किंवा आजीची थायरॉक्सिनची बाटली असते आणि कोणीतरी म्हणतं "अवं, थायरॉईडचीच गोळी हाय, दे तिले अर्धी", तर ते कृपा करून करू नका. तिच्या अंगात जे हार्मोन आधीच उतू चाललंय तेच त्या गोळीत असतं.

हे होतं कशानं?

मुलांमधे बहुतेक वेळा कारण एकच असतं, ग्रेव्ह्ज डिसीज. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज नावाच्या डॉक्टरांनी १८३५ मधे त्याचं वर्णन केलं म्हणून हे नाव. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून थायरॉईडला चिकटणाऱ्या अँटीबॉडी बनवते. शेतातल्या मोटरीचं ऑटो स्विच समजा, मेंदू टीएसएच नावाच्या सिग्नलनं थायरॉईड चालू-बंद करत असतो, आणि या अँटीबॉडी ते बटन दाबूनच धरतात, मग मेंदूनं सिग्नल पार शून्यावर आणला तरी मोटर चालूच. मुलींमधे मुलांपेक्षा बरंच जास्त दिसतं आणि वयात येण्याच्या सुमारास जास्त निघतं, पण लहान पोरांनाही होतं. घरात कोणाला थायरॉईड, टाईप वन शुगर असे आजार असतील तर शक्यता थोडी वाढते. संसर्गानं पसरत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. नजरेनं होत नाही, मोबाईलनंही होत नाही. उतारा करायचा तर घरच्यांच्या समाधानासाठी करा, पण रक्ततपासणी त्याच आठवड्यात झाली पाहिजे.

घरी आणि शाळेत काय दिसतं?

पोरगं खातं भरपूर आणि अंगाला लागत नाही. हात पुढं ताठ करून बोटं फाकवायला सांगा आणि वर वहीचा एक कोरा कागद ठेवा, कागदाची कडा थरथरताना दिसते. आमच्या पोरीचं अक्षर आधी बिघडलं. सुंदर अक्षराची पोरगी, आणि तिच्या सहामाहीच्या पेपरात ओळी वरखाली, काना-मात्रा तुटलेल्या, मॅडम म्हणाल्या लक्ष नाही हिचं. चिडचिड, रडू, झोप न लागणं, एका जागी न बसणं, मार्क घसरणं, आणि मग पोरगं मस्तीखोर झालं किंवा पोरगी "वयात आली" म्हणून तोंड चालवते असा शिक्का बसतो. दिवसातून तीन-चारदा संडास, मोठं झाल्यावरही अंथरूण ओलं होणं, पाळी अनियमित होणं, उंची एकदम झपाट्यानं वाढणं, गळ्याच्या पुढच्या भागात सूज, डोळे मोठे किंवा टवकारल्यासारखे, हेही दिसतं. सगळ्यांना सगळं होत नाही.

गरम होणं हे आपल्याकडं ओळखायला अवघड, कारण मे महिन्यात चंद्रपूर-नागपुरात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सगळेच हैराण. पण डिसेंबरात सगळं घर शेकोटीजवळ आणि हे पोरगं बनियनवर, तळहात ओले, फॅन लावा म्हणतंय, असं असेल तर ते नॉर्मल समजू नका.

गावात तर अशक्तपणा, जंत, टीबी किंवा सिकलसेल म्हणूनच बघतात

आणि ते चूक नाही, कारण हे सगळं आपल्या भागात खरंच आहे. रक्त कमी असलं तरी छाती धडधडते, टीबीत वजन उतरतं, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरकडं सिकलसेल तपासणं गरजेचंच असतं. अडचण तेव्हा होते जेव्हा एकच टॉनिक महिनोन्महिने चालू राहतं आणि कोणी पुढचा विचार करत नाही, आमच्या बाबतीत तसंच झालं होतं. माझं सांगणं एवढंच की भूक चांगली असून वजन उतरत असेल तर रक्ताच्या बाकी तपासण्यांसोबत टीएसएच पण लिहून द्या असं स्वतःहून म्हणा.

घरी करण्यासारखी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे झोपेतली नाडी. पोर गाढ झोपलं की मनगटावर अंगठ्याच्या बाजूला आपली दोन बोटं ठेवायची, फोनवर टायमर लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या पोराची नाडी ताप नसताना, झोपेतही सारखी शंभरच्या वर जात असेल तर डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे. जागेपणी घाबरल्यानं वाढते, झोपेत घाबरायचं कारण नसतं.

तपासण्या कोणत्या?

टीएसएच, म्हणजे मेंदूचा सिग्नल, आणि फ्री टी४ व टी३, म्हणजे थायरॉईडचे स्वतःचे हार्मोन. टीएसएच एकदम खाली आणि बाकी दोन वर असतील तर निदान जवळजवळ झालंच. टी३ सोडू नका, काही पोरांमधे फक्त तेच वाढलेलं असतं. मग टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी, तिला रिपोर्टवर ट्रॅब म्हणतात, ही महाग असते आणि तालुक्याची लॅब सॅम्पल बाहेर पाठवते त्यामुळे रिपोर्टला वेळ लागतो, पण ग्रेव्ह्ज पक्का करायला तीच लागते. कधीकधी थायरॉईडला सूज येऊन साठलेलं हार्मोन नुसतं गळत असतं, हाशिमोटो नावाच्या थायरॉईडच्या दुसऱ्या आजाराच्या सुरुवातीला असं होतं, आणि ते काही आठवड्या-महिन्यांत आपोआप उतरतं, त्याला ग्रेव्ह्जची गोळी लागत नाही. म्हणून निदान पक्कं करून घ्या. गरज पडली तर सोनोग्राफी किंवा थायरॉईड स्कॅन करतात.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. केस गळतात म्हणून पोरी मेडिकलमधून बायोटिनच्या गोळ्या आणतात, आणि बायोटिननं थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, अगदी नसलेला आजार असल्यासारखा. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवा आणि घेत होती हे डॉक्टरला सांगा.

उपचार कोणते आहेत?

तीन. गोळ्या, रेडिओआयोडीन, ऑपरेशन. मुलांमधे जवळजवळ नेहमी सुरुवात गोळ्यांनीच होते.

गोळी कोणती आणि किती दिवसांनी फरक पडतो?

आपल्याकडं कार्बिमॅझोल किंवा मेथिमॅझोल. कार्बिमॅझोल पोटात गेल्यावर मेथिमॅझोलच बनतं, पण मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारखं नसतं, म्हणून मेडिकलवाल्यानं "तेच आहे" म्हणून बदलून दिलं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरू करू नका. डोस वजनावर आणि रिपोर्टवर ठरतो, शेजारच्या पोराचा डोस आपल्याला लागू नाही. गोळी नवीन हार्मोन बनणं थांबवते, पण ग्रंथीत साठलेलं आधीचं हार्मोन संपायला वेळ लागतो, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक नाही असं वाटतं आणि लोक डॉक्टर बदलतात. साधारण महिना-दीड महिन्यात फ्री टी४ खाली यायला लागतं.

तोपर्यंत धडधड आणि थरथर कमी करायला प्रोप्रानोलॉलसारखी गोळी देतात. पोराला दमा असेल, लहानपणी वाफ द्यावी लागत असेल, तर हे आधीच सांगा, दम्यात प्रोप्रानोलॉल धोक्याचं आहे.

गोळी चालू असताना ताप आला, घसा दुखतोय. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि फोनवर मी सगळ्यात आधी हेच सांगते, कोणी विचारलं नसलं तरी. या गोळ्यांनी क्वचित, हजारात दोन ते पाच जणांमधे, रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात. जास्त करून पहिल्या तीन महिन्यांत, पण नंतरही होऊ शकतं. म्हणून ताप, घसा दुखणं, तोंडात फोड यापैकी काहीही झालं तर कार्बिमॅझोलची पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करा, डिफरन्शियल काउंटसकट, म्हणजे पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगवेगळे मोजून. उद्या सकाळी बघू, आधी क्रोसिन देऊन बघू, असं नाही. न्यूट्रोफिल, म्हणजे त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, हजारच्या खाली असतील तर गोळी बंदच ठेवतात, पाचशेच्या खाली असतील तर पोराला लगेच भरती करावं लागतं. रिपोर्ट चांगला आला तर डॉक्टरला विचारून गोळी परत सुरू होते, तो साधा ताप होता.

आणि ज्याच्याकडं जाल त्याला सांगा की पोराला कार्बिमॅझोल चालू आहे. पावसाळ्यात गावात घरोघरी ताप असतो, डॉक्टर बघेल तापाचा पेशंट, इंजेक्शन देईल, घरी पाठवेल, त्याला कसं कळणार? आम्ही शाळेच्या ओळखपत्राच्या मागं चिठ्ठी चिकटवली होती, गोळीचं नाव आणि खाली "ताप आल्यास गोळी थांबवून लगेच सीबीसी करा". पाऊस येऊन रस्ता बंद होतो अशा गावात राहत असाल तर सीबीसी कुठं होते, रात्री गाडी कोणाची मिळते, हे ताप यायच्या आधीच ठरवून ठेवा.

बाकी साईड इफेक्ट?

अंगावर खाज, पित्तासारख्या गांधी, सांधे दुखणं हे बऱ्यापैकी दिसतं, साध्या खाजेवर ऍलर्जीच्या गोळीनं भागतं. डोळे पिवळे, लघवी गडद, उलट्या, पोटात उजवीकडं दुखणं असेल तर गोळी थांबवून लगेच दाखवा, ते लिव्हरचं असू शकतं. सुरू करण्याआधीच सीबीसी आणि लिव्हरची तपासणी करून ठेवलेली बरी, नंतर तुलना करता येते.

पीटीयू नावाची गोळी लिहून दिली तर?

प्रोपिलथायोयुरॅसिल. मुलांमधे तिनं लिव्हर पार निकामी झाल्याच्या केसेस झाल्यात, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २०१० मधे त्यावर सगळ्यात कडक इशारा लावला. मुलांना ती नेहमीसाठी देत नाहीत. चिठ्ठीवर दिसली तर का दिली हे विचाराच.

पोरगी आता एकदम ठणठणीत आहे, गोळी बंद करू का?

नाही. ती ठणठणीत आहे ती गोळीमुळंच. सासू म्हणेल "कायले एवढ्या गोळ्या देतं पोरीले, गरम पडतात", कापूस वेचायच्या दिवसात तारीख चुकेल, मजुरी बुडवून कोण जाणार, आणि गोळी संपली की संपली. मला राग येत नाही अशा घरांचा, दवाखान्याची एक खेप म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात हे मी जगलेय. पण मधेच सोडलं की काही आठवड्यांत सगळं परत येतं.

मुलांमधे हा उपचार लांब चालतो. आताच्या युरोपियन मार्गदर्शनात मुलांना किमान तीन वर्षं गोळी द्या असंच सांगितलंय, काहींना पाच वर्षं किंवा त्याहून जास्त. दोन वर्षांनी थांबवली तर साधारण चारातल्या एकाचाच आजार शांत राहतो, बाकीच्यांना परत होतो, आणि परत व्हायचा तर बहुतेक पहिल्या वर्षातच. जास्त दिवस घेतली तर शक्यता सुधारते. लहान वय, गळ्यात खूप मोठी गाठ, खूप वाढलेल्या अँटीबॉडी असतील तर अवघड जातं. बंद करायची वेळ आली की डॉक्टर अँटीबॉडी परत तपासतात, त्या उतरल्या असतील तर हळूहळू थांबवून बघतात, आणि त्यानंतरही तपासणी चालूच ठेवावी लागते.

दोन महिने झाले, टीएसएच अजून शून्यच. औषध लागू पडत नाही का?

पडतंय. टीएसएच कित्येक महिने दबलेलंच राहू शकतं, सुरुवातीला डोस फ्री टी४ आणि टी३ बघून ठरतो. नुसत्या टीएसएचवर डोस वाढवत गेलं तर पोर उलट दिशेला जातं, सुस्ती, थंडी, बद्धकोष्ठ. म्हणून तालुक्याच्या लॅबला फक्त "थायरॉईड करा" म्हणू नका, फ्री टी४ लिहून घ्या. पहिले काही महिने दर दोन ते चार आठवड्यांनी तपासणी, मग जम बसला की दोन-तीन महिन्यांनी.

वजन वाढतंय म्हणून पोरगी गोळी घेत नाही

याच्यावर घरात भांडण न करता बोला, कारण पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला हा फार मोठा प्रश्न असतो. आजारात ती चार पोळ्या खाऊन बारीक होती, मैत्रिणी "किती मस्त बारीक आहेस" म्हणत होत्या, आणि गोळीनं शरीर जागेवर आलं तरी भूक आणि सवय तीच राहिली म्हणून गाल भरायला लागले. मग गोळी उशीखाली जाते. तिला सांगा की आधीचं बारीकपण म्हणजे स्नायू आणि हाडं झिजत होती. डॉक्टरसमोर तिला स्वतःला बोलू द्या, आईनं सगळी उत्तरं द्यायची नाहीत. वजन खरंच पटापट वाढत असेल तर डोस जास्त झालाय का हे तपासा, तेही असू शकतं. आणि गोळी रोज समोर घ्यायची, दहावी-बारावीच्या पोरांनी सुद्धा. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी डबल नाही द्यायची.

रेडिओआयोडीन म्हणजे करंट किंवा किमो का?

दोन्ही नाही. किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल किंवा पाण्यासारखं औषध तोंडानं घ्यायचं, थायरॉईड ते शोषून घेते आणि आतून हळूहळू नष्ट होते. ग्रेव्ह्जसाठी हे १९४१ पासून वापरतात. पाच वर्षांखाली टाळतात, पाच ते दहामधे फार विचार करून, त्याच्या पुढं देतात. परिणाम यायला दोन-चार महिने लागतात. पुरता डोस द्यायचा म्हणजे ग्रंथी पूर्ण संपते आणि मग आयुष्यभर थायरॉक्सिनची गोळी, हे आधीच समजून घ्या, नाहीतर नंतर फसवल्यासारखं वाटतं. डोळ्यांचा त्रास जास्त असेल तर सहसा देत नाहीत, गरोदरपणात तर अजिबात नाही, म्हणून वयात आलेल्या मुलीची आधी प्रेग्नन्सी टेस्ट करतात, तो नियम आहे, तिच्यावर संशय नाही.

आपल्याकडून यासाठी बहुतेक नागपूरलाच जावं लागतं. नंतर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बाईपासून लांब झोपावं लागतं. एका खोलीच्या घरात, जिथं घरात तान्हं आहे, हे कसं जमवायचं याचा विचार तारीख घेण्याआधी करा आणि डॉक्टरला घराची खरी परिस्थिती सांगा, ते दिवस मोजून सांगतात.

ऑपरेशन कधी?

गाठ फार मोठी असेल, पोर लहान असेल आणि गोळी सोसत नसेल, डोळ्यांचा त्रास जास्त असेल, किंवा लवकर निकाल लागायला पाहिजे असेल. पूर्ण ग्रंथी काढतात. जवळच आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारीक ग्रंथी असतात, म्हणून सर्जनला सरळ विचारा की वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, लाजायचं नाही. आधी हार्मोन गोळ्यांनी काबूत आणतात आणि शेवटचे आठ-दहा दिवस आयोडीनचे थेंब देतात. नंतर ओठाभोवती, बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम कमी झालंय, लगेच सांगा. ग्रंथी काढल्यावर कायम लागणारं थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, आणि शाळेत मिळणारी लोहाची गोळी किंवा कॅल्शियम त्याच्यापासून चार तास लांब.

डोळ्यांचं काय?

मुलांमधे मोठ्यांपेक्षा सौम्य असतं. घरात बिडी-सिगारेट ओढणाऱ्यानं बाहेर जावं, धुरानं डोळे बिघडतात. दोन-दोन दिसणं, डोळा दुखणं, रंग फिके दिसणं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरला ताबडतोब.

खाण्यात पथ्य?

फार नाही. आयोडीनचं मीठ घरात आहे तेच वापरा. कोबी, फुलकोबी नेहमीसारखी खा. दूध, ताक, तीळ, डाळी भरपूर द्या, हाडं झिजलेली असतात. चहा कमी. "थायरॉईडचा काढा" आणि आयोडीनच्या पावडरी नकोत. सर्दीच्या काही औषधांनी धडधड वाढते, म्हणून मनानं आणू नका.

शाळा, खेळ, भरतीचं पळणं, आश्रमशाळा?

नाडी काबूत येईपर्यंत पीटी, कबड्डी बंद. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी सोळा-सतरा वर्षांची पोरं हे ऐकत नाहीत, त्यांना सांगा की हार्मोन वाढलेलं असताना हृदयावर आधीच ताण आहे, दोन-तीन महिने थांबून मग डॉक्टरच्या परवानगीनं पळ, भरती पुढंही निघते. शाळेला लेखी द्या, संडासला आणि पाणी प्यायला अडवू नका, पंख्याखाली बसवा. पोर आश्रमशाळेत किंवा होस्टेलला असेल तर गोळ्या अधीक्षकांकडं द्या आणि तापाचा नियम त्यांच्याकडून परत म्हणून घ्या.

मुलीचं पुढं लग्न, मुलं?

दोन्ही होतं. फक्त कार्बिमॅझोल, मेथिमॅझोल चालू असताना दिवस गेले तर बाळात व्यंग होण्याचा धोका असतो, त्यामुळं आधी डॉक्टरशी बोलून ठरवायचं. आणि ऑपरेशन किंवा रेडिओआयोडीन झालेलं असलं तरी अँटीबॉडी रक्तात राहू शकतात आणि बाळापर्यंत जातात, म्हणून बाळंतपणाच्या डॉक्टरला "मला लहानपणी ग्रेव्ह्ज होता" हे सांगायचंच, बाळाची तपासणी करता येते.

रात्री दवाखाना गाठायचा कधी?

खूप ताप, उलट्या-जुलाब, नाडी फार जोरात, आणि पोर बडबडतंय, भ्रमात आहे किंवा गुंगीत चाललंय. याला थायरॉईड स्टॉर्म म्हणतात, जीवावरचं असतं, १०८ ला फोन करा.

कुठं जायचं, खर्च किती?

गोळ्या स्वतः फार महाग नाहीत, कार्बिमॅझोल सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पैसा जातो तपासण्यात आणि येण्याजाण्यात. शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी गलगंड बघतेच, गळा दाखवा आणि पुढं पाठवायची चिठ्ठी मागा. नागपूरचं मेडिकल, मेयो, एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा, सावंगी मेघे, यवतमाळ-अकोला-चंद्रपूर-गोंदियाचं मेडिकल, जे जवळ पडेल तिथल्या बालरोग विभागात आधी दाखवा. ऑपरेशनचा विषय निघाला तर महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला दवाखान्यातच भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या.

आणि एक वही न्या. तारीख, वजन, उंची, झोपेतली नाडी, गोळीचा डोस, ताप आला होता का. दर खेपेला डॉक्टर नवीन असतो, जुने रिपोर्ट पावसात भिजतात, फोन फॉरमॅट होतो, वही असली की दोन मिनिटांत पोराचा सगळा हिशोब समोर येतो.